जपानची आरामदायी पर्यटन रेल्वे: गाडीच्या वारावरून सहल कशी आखावी

जपानला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी रेल्वेचा विचार शिंकान्सेन या बुलेट ट्रेनपासून सुरू करतात आणि शिंकान्सेनपाशीच थांबवतात. ती गाडी अनुभवावी अशी आहेच, परंतु तिच्यातून देश दिसतो तो तुकड्यातुकड्यांनी, कारण एक बोगदा संपून डोळे उजेडाला सरावतात न सरावतात तोच पुढचा बोगदा येतो किंवा आवाज अडवण्यासाठी उभारलेली भिंत आडवी येते. मुद्दाम देखावा दाखवण्यासाठी, जेवू घालण्यासाठी आणि निवांत बसता यावे म्हणून बांधलेल्या गाड्या जपानमध्ये वेगळ्या आहेत. त्यांतील बहुतेक गाड्या समुद्राच्या कडेने किंवा नदीच्या खोऱ्यातून वळणे घेत जाणाऱ्या जुन्या, १०६७ मिलिमीटर अंतराच्या अरुंद रुळांवरून धावतात. आपल्याकडील १६७६ मिलिमीटरच्या ब्रॉडगेजची सवय असणाऱ्याला तिथला डबा सुरुवातीला थोडा चिंचोळा वाटतो; मात्र खिडकी मोठी असते आणि गाडीला घाई नसते.

आपण सहसा आधी विमानाची तिकिटे काढतो, मग हॉटेले ठरवतो आणि उरलेल्या वेळात गाडी बसवतो. या गाड्यांच्या बाबतीत हा क्रम उलटा करावा लागतो, कारण त्यांतील बऱ्याचशा रोज धावत नाहीत. काही केवळ शनिवार-रविवारी आणि सुटीच्या दिवशी निघतात, काही आठवड्यातून एक दिवस विश्रांती घेतात, तर काही वाराप्रमाणे मार्गच बदलतात. पहिल्या सहलीत मी सगळे मुक्काम पक्के केल्यानंतर क्योतोहून निघणाऱ्या शिमाकाझे गाडीचे वेळापत्रक उघडले, तेव्हा आमच्या हाती असलेला एकमेव दिवस नेमका तिच्या साप्ताहिक सुटीचा निघाला. चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मी कोरी दिनदर्शिका समोर ठेवतो, तीत प्रथम गाड्यांचे वार लिहितो आणि मुक्काम त्यांच्याभोवती लावतो.

गाडी निवडताना प्रथम हे ठरवावे की आपल्याला गाडीतच राहायचे आहे की गाडीतून काही तास प्रवास करायचा आहे. गाडीतच मुक्काम करवणाऱ्या, जहाजाच्या सफरीसारख्या गाड्या मुख्यतः तीन आहेत. क्युशू बेटावरील ‘नानात्सुबोशी’ म्हणजे सप्ततारका ही गाडी ऑक्टोबर २०१३ मध्ये हाकाता स्थानकातून सुरू झाली. तिची रचना एइजी मितोओका यांची असून २०२२ च्या नूतनीकरणानंतर तिच्यात केवळ १० खोल्या ठेवलेल्या आहेत, म्हणजे सात डब्यांच्या गाडीत फार तर २० प्रवासी. खोल्यांतील हात धुण्याची चिनीमातीची भांडी अरिता येथील नामवंत कुंभार घराण्याचे चौदावे वारस साकाइदा काकिएमोन यांनी घडवली होती आणि गाडी सुरू होण्याच्या काही महिने आधीच ते निवर्तले. एवढ्या मोलाच्या भांड्यात रोज चूळ भरायची, हा विचार मला अजूनही थोडा संकोचात टाकतो.

दुसरी ‘शिकिशिमा’ मे २०१७ पासून तोक्योच्या उएनो स्थानकातून निघते. तेथे तिच्यासाठी ‘साडेतेरा’ क्रमांकाचा स्वतंत्र फलाट केलेला आहे, आणि तिच्या सर्वांत महागड्या दुमजली खोलीत हिनोकी लाकडाचे न्हाणीपात्र आहे. जून २०१७ मध्ये सुरू झालेली ‘मिझुकाझे’ ही तिसरी गाडी पश्चिम जपानात क्योतो किंवा ओसाका आणि शिमोनोसेकी यांच्या दरम्यान धावते. तिच्या दोन्ही टोकांना उघडे सज्जे आहेत. या दोन्ही गाड्या प्रत्येकी ३४ प्रवाशांच्या आहेत.

या तिन्ही गाड्यांचे तिकीट खिडकीवर मिळत नाही. गाडी निघण्याच्या कित्येक महिने आधी अर्ज मागवले जातात आणि अर्ज जास्त झाले की सोडत काढली जाते. परदेशी प्रवाशांसाठी काही जागा निवडक प्रवासी संस्थांमार्फतही दिल्या जातात. खर्च माणशी काही लाख येन एवढा असतो. म्हणून माझा सल्ला असा की, अर्ज जरूर करावा, परंतु उरलेली सहल त्यावर टांगून ठेवू नये. ज्यांना सोडतीत नाव लागेल त्यांनी पोशाखाची सूचना नीट वाचावी, कारण रात्रीच्या जेवणाला जीन्स आणि चपला चालत नाहीत. लहान मुले सोबत असतील तर वयाची अट अर्ज भरण्यापूर्वीच तपासून घ्यावी.

खरी मौज, आणि आपल्या खिशाला पेलणारी मौज, दिवसा धावणाऱ्या गाड्यांत आहे. त्यांत पहिल्यांदा जाणाऱ्याला मी शिमाकाझे सुचवतो. किंतेत्सु या खासगी रेल्वेची ही गाडी मार्च २०१३ मध्ये सुरू झाली आणि ओसाका, क्योतो व नागोया येथून इसे-शिमा भागातील काशिकोजिमापर्यंत जाते. त्याच वर्षी इसेच्या महामंदिराची दर वीस वर्षांनी होणारी पुनर्बांधणी पार पडली होती, त्यामुळे यात्रेकरूंच्या गर्दीला ही गाडी अगदी वेळेवर मिळाली. हिच्या एका ओळीत एका बाजूला दोन आणि दुसऱ्या बाजूला एक अशी तीनच कातडी आसने असतात, पुढच्या व मागच्या डब्यांत आसनांची पातळी उंच ठेवलेली असते, आणि मधल्या दुमजली डब्यात कॅफे असतो. कुटुंबासाठी जपानी आणि पाश्चात्त्य अशा दोन्ही धाटणीच्या बंद खोल्याही आहेत. मंदिरासाठी इसेशी किंवा उजियामादा येथे उतरता येते, परंतु घाई नसेल तर शेवटपर्यंत जावे. २०१६ च्या जी-७ परिषदेसाठी जपानने निवडलेले ठिकाण हेच, आणि मोत्यांच्या शेतीसाठी प्रसिद्ध असलेला आगो उपसागर स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

तोक्योहून एका दिवसात जाऊन येण्यासाठी सफीर ओदोरिको ही गाडी सोयीची आहे. मार्च २०२० पासून धावणारी ही निळी गाडी इझु द्वीपकल्पाच्या कडेने शिमोदापर्यंत जाते, आणि तिच्यात साधा वर्ग मुळी नाहीच. क्युशूमध्ये १९८९ पासून धावणारी हिरवी ‘युफुइन नो मोरी’ हाकाताहून गरम पाण्याच्या झऱ्यांच्या युफुइन गावी नेते. तिच्या डब्यांची जमीन लाकडी आणि उंच आहे, आणि जिओन धबधबा आला की गाडी वेग कमी करते. त्याच बेटावरील ‘३६ अधिक ३’ ही काळी गाडी गुरुवार ते सोमवार रोज वेगळ्या मार्गाने जात क्युशूला जवळजवळ प्रदक्षिणा घालते. नावातील दोन आकड्यांची बेरीज ३९ होते आणि जपानी उच्चारात त्याचे ‘सान-क्यू’, म्हणजे इंग्रजी ‘थँक यू’ होते. तिच्या दोन डब्यांत तातामी चटया अंथरलेल्या असल्यामुळे बूट काढून बसावे लागते, तेव्हा मोजे फाटके नसावेत.

तिकिटाची रचना समजून घेतली की आरक्षण सोपे होते. जपानमध्ये एका प्रवासाचे पैसे एका आकड्यात न सांगता थरांनी सांगतात: अंतराचे मूळ भाडे, त्यावर जलदगाडीचा अधिभार, आणि त्यावर विशिष्ट गाडीचा किंवा वर्गाचा आणखी एक अधिभार. ठरावीक दिवस हवा तेवढा प्रवास करू देणारा परदेशी पर्यटकांचा जपान रेल पास जे.आर. म्हणजे ‘जपान रेल्वेज’ या कंपनी-समूहाच्या गाड्यांपुरता चालतो. किंतेत्सु खासगी असल्यामुळे शिमाकाझेसाठी तो पूर्णपणे निरुपयोगी आहे, आणि सफीर ओदोरिकोतही वाटेतील इतो स्थानकाच्या पुढचा टप्पा वेगळ्या कंपनीचा असल्याने देशव्यापी पासवर तेवढे पैसे निराळे भरावे लागतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांच्या साध्या पासची किंमत ५०,००० येन झाली. तेव्हापासून ‘आधी पास घ्यावा, मग पाहावे’ हा जुना सल्ला सरसकट लागू पडत नाही. एखाद्याच प्रदेशात फिरायचे असेल तर प्रादेशिक पास किंवा सुटी तिकिटे पुष्कळदा स्वस्त पडतात. कागद घेऊन बेरीज करावी, अंदाजावर जाऊ नये.

जे.आर.च्या आरक्षित जागा प्रवासाच्या तारखेच्या बरोबर एक महिना आधी, जपानी वेळेनुसार सकाळी १० वाजता विक्रीला येतात, आणि शिमाकाझेच्या साडेदहाला. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असल्याने भारतात तेव्हा अनुक्रमे सकाळचे साडेसहा आणि सात वाजलेले असतात. एप्रिलमधील चेरीचा बहर, मेच्या आरंभीचा सलग सुट्यांचा आठवडा, ऑगस्टमधील पूर्वजस्मरणाचा ओबोन आणि नोव्हेंबरमधील पानगळीचे रंग या काळात चांगल्या जागा विक्री सुरू होताच संपतात, तेव्हा चहा गाळण्याआधी संगणक सुरू केलेला बरा. एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी: आधीच्या महिन्यात ती तारीखच नसेल, उदाहरणार्थ ३१ मार्चच्या प्रवासासाठी फेब्रुवारीत ३१ तारीख नसते, तर विक्री १ मार्चला उघडते. कंपन्यांच्या संकेतस्थळांवर इंग्रजीतून आरक्षण करता येते. जेवण देणाऱ्या गाड्यांत जेवणाची मागणी मात्र काही दिवस आधी आणि पुष्कळदा वेगळी नोंदवावी लागते.

जागा निवडताना समुद्र कोणत्या हाताला येणार याचा नकाशावर शोध घ्यावा, कारण एवढे पैसे मोजून डोंगराची कापलेली भिंत पाहत बसण्यासारखे दुःख नाही. तोक्योहून शिमोदाला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो. अकिताहून आओमोरीकडे जाणाऱ्या रिसॉर्ट शिराकामी गाडीतही तो डावीकडे येतो आणि तेथे ‘ए’ अक्षराची आसने समुद्राकडची असतात. सुमारे पाच तासांचा हा प्रवास पासवर केवळ आरक्षण करून होतो, आणि काही फेऱ्यांत डब्यातच त्सुगारू शामिसेन हे तंतुवाद्य वाजवणारे कलावंत येतात. शिकोकू बेटावर मात्सुयामाहून निघणाऱ्या ‘इयोनादा मोनोगातारी’त समुद्र उजवीकडे असतो. ऐषारामी हा शब्द शिराकामीला थोडा मोठा पडेल, परंतु खिडकीतील देखाव्याच्या हिशेबात ती कोणाला हार जाणार नाही.

शाकाहारी मंडळींनी या प्रवासात जेवणाची बाजू सर्वांत आधी सोडवावी. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचे पाणी असते आणि ते सहसा सुकवलेल्या बोनिटो माशापासून काढतात. त्यामुळे ताटात मासा दिसत नसला तरी भाजीत, रश्शात आणि अंड्याच्या वड्यांत तो असतोच. नुसते ‘व्हेजिटेरियन’ म्हटल्याने हे कळत नाही. आरक्षण करताना ‘मांस नाही, मासे नाहीत, माशाची दाशीही नाही, कोंबू या समुद्री शेवाळाची दाशी चालेल’ असे तपशिलाने लिहावे, आणि अंडे व दूध चालते की नाही तेही लिहावे. तोंडी सांगायचे झाल्यास ‘निकु तो साकाना वा ताबेमासेन, दाशी मो दामे देसु’ (मांस व मासे खात नाही, दाशीही चालत नाही) एवढे वाक्य पुरते. काही गाड्यांची स्वयंपाकघरे असा बदल करत नाहीत आणि तसे स्पष्ट कळवतात. तेव्हा हट्ट न धरता केवळ आसनाचे तिकीट घ्यावे. जेथे जेवण तिकिटात नसते अशा जलदगाड्यांत आपला डबा उघडून खाण्यास कोणाची हरकत नसते, आणि दशमी व कोरडी चटणी यांना वासही बेताचा असतो.

सामानाचा प्रश्न जपानने छान सोडवला आहे. मोठ्या बॅगा हॉटेलच्या स्वागतकक्षातून ‘ताक्युबिन’ सेवेने पुढच्या हॉटेलवर पाठवता येतात आणि त्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी पोहोचतात. आपण एका रात्रीपुरती पिशवी घेऊन निघावे. बॅग सोबत ठेवायचीच असेल आणि तोकाइदो, सान्यो किंवा क्युशू शिंकान्सेनने जोडप्रवास असेल, तर लांबी, रुंदी व उंचीची बेरीज १६० सेंटिमीटरपेक्षा जास्त भरणाऱ्या बॅगेसाठी शेवटच्या रांगेमागील जागेसह आसन आरक्षित करावे लागते. २५० सेंटिमीटरपेक्षा मोठी बॅग घेतच नाहीत.

जुने डोंगरी आणि किनारी मार्ग पावसाने खचतात, ही गोष्टही आखणीत धरावी. युफुइनला जाणारा क्युदाइ मार्ग २०१७ आणि २०२० या दोन्ही वर्षी जुलैच्या पुराने तुटला होता, आणि २०२० च्या त्याच पुरात कुमा नदीकाठच्या हिसात्सु मार्गाची वाहतूक बंद पडली. आपल्याकडे कोकण रेल्वेवर पावसाळ्यात दरड कोसळण्याची धास्ती असते, तसाच हा प्रकार. जून-जुलैचा पाऊस आणि सप्टेंबरची वादळे टाळता आली तर टाळावीत. टाळता येत नसतील तर गाडीच्या दुसऱ्या दिवशी विमान ठेवू नये आणि सकाळी निघण्यापूर्वी कंपनीचे सूचनापान पाहावे. कंपनीनेच गाडी रद्द केली तर पैसे परत मिळतात; त्यासाठी तिकीट जपून ठेवावे.

प्रत्यक्ष प्रवासाच्या दिवशी वीस मिनिटे आधी फलाटावर जावे. डब्याचा क्रमांक जमिनीवर रंगवलेला असतो आणि दार त्याच खुणेसमोर उघडते. आसनावर बसल्यावर पडदा, पाय टेकवण्याची फळी आणि आसन मागे नेण्याचे बटण तपासून घ्यावे, आणि मागील माणसाकडे वळून मान लववल्यानंतरच पाठ मागे घ्यावी. इयोनादा मोनोगातारीसारख्या गाडीत थोड्याच वेळात खिडकीबाहेर शेतातील म्हातारी, शाळेच्या अंगणातील मुले आणि एखाद्या घराच्या सज्जातील माणसे हात हलवताना दिसतात. ते प्रवाशांसाठीच उभे असतात, म्हणून कॅमेरा खाली ठेवून उलट हात हलवावा.