मॅकबेथ बसवताय? या चुका टाळा

शेक्सपिअरच्या नाटकातला शूर सरदार मॅकबेथ राजाचा खून करण्याइतका बिघडला कसा, असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: चेटकिणींनी डोक्यात भरवलं, बायकोनं भरीस घातलं. चेटकिणींचे संवाद एकदा मोठ्यानं वाचा हो. पुढे तू राजा होशील, एवढंच त्या म्हणतात. आत्ताचा राजा डंकन, त्याला मार, असं अवाक्षर नाही. खुनाचा विचार येतो तो मॅकबेथच्याच मनात, आणि त्याच्याच अंगावर काटा येतो. भविष्य तर शेजारी उभ्या बँकोला, त्याच्या सोबतच्या सरदारालाही सांगितलं होतं. त्यानं कुठे सुरा उपसला?

दुसरी चूक नटांची. आमच्या तालमीत एक पोरगा पहिल्याच एन्ट्रीला भुवया चढवून, आवाज खर्जात लावून आला.

"अरे, हा आत्ताच राजासाठी लढून आलाय ना?"

"हो सर, पण शेवटी व्हिलनच आहे ना?"

संहिता उघडलीच नव्हती, दहा मिनिटांच्या व्हिडिओवर भागवलं होतं. असा चेहरा घेऊन आलात तर त्याला कॉडरची सरदारकी देणारा डंकन निव्वळ बावळट दिसतो. मी त्याला पहिल्या अंकातला चौथा प्रवेश धरायला लावला. सगळ्यांदेखत डंकन थोरल्या मुलाला, माल्कमला वारस जाहीर करतो. तिथे काही बोलायचं नाही, नुसतं उभं राहून ऐकायचं. चार दिवस हेच. पोरगा वैतागला. पाचव्या दिवशी त्याचं हसू किंचित उशिरा आलं. म्हटलं, हां, आता पुढचं पाठ कर.

वेळ वाचवायला त्याच अंकातलं सातव्या प्रवेशाचं स्वगत कापू नका. मी राजाचा नातलग, त्याचा चाकर, आज त्याचा यजमान, असं मॅकबेथ स्वतःच मोजतो. खुनाच्या बाजूला उरते फक्त महत्त्वाकांक्षा. इमान सुटतंय हे त्याला दिसत असतं. हे कापलंत तर राहते नुसती मारामारी.

त्याच्या बायकोची, लेडी मॅकबेथची हडळ करू नका. झोपलेला डंकन वडिलांसारखा दिसला म्हणून तिचाच हात अडला होता.

इतिहास मध्ये आणू नका. खरा मॅकबेथ १०४० ते १०५७ गादीवर होता, आणि खरा डंकन अंथरुणात नव्हे, लढाईत पडला.

डंकनचा खून रंगमंचावर होतच नाही, तेव्हा लाल रंगाच्या बाटल्या घरीच ठेवा.

आणि खुनाआधी मॅकबेथला हवेत भासणारा तो खंजीर दोरीला टांगू नका. आम्ही एकदा टांगला होता. विंगेतला पोरगा शिंकला, खंजीर गरगर फिरला आणि मागच्या रांगा खो-खो हसल्या.