वेज घेण्याआधी काय काय तपासावं

वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांसाठीचा गोल्फचा क्लब (काठी). ती विकत घ्यायला निघण्याआधी एक काम उरकून घ्या. तुमच्या आयर्नच्या (धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबच्या) संचातल्या पिचिंग वेजचा लॉफ्ट, म्हणजे फेसचा (चेंडूला लागणाऱ्या पृष्ठभागाचा) मागे झुकलेला कोन, नेमका किती अंश आहे, ते शोधा. क्लबवर बहुधा नुसतं एक अक्षर असतं, आकडा नसतो. पण उत्पादकाच्या तपशीलपत्रकात तो मिळतो. पुढची सगळी निवड या आकड्यावर उभी राहते. जुन्या संचांत पिचिंग वेज ४७-४८ अंशांची असायची. आता लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या संचांत ती ४३-४४ अंशांवर आलेली दिसते, कधी त्याहूनही कमी. वाळूतून चेंडू काढायची सँड वेज मात्र ५४ ते ५६ अंशांवरच राहिली. त्यामुळे पूर्वी या दोघींत आठ-नऊ अंशांचं अंतर होतं, ते आता बारा-तेरा अंशांपर्यंत गेलं. त्या फटीत जवळजवळ तीस यार्डांचा पट्टा सापडतो, आणि त्या पट्ट्यात चेंडू पडला की एक तर पिचिंग वेज आखडून मारायची किंवा सँड वेजवर जीव काढायचा. दोन्ही फटके भरवशाचे नाहीत. या दोघींमधली फट भरणारी गॅप वेज ही हौस नाही, गरज आहे, ती यामुळे.

लॉफ्ट कळला की अंतरं मोजा. आठवणीतून काढलेले आकडे नकोत, कारण माणसाला आपला सर्वांत चांगला फटका लक्षात राहतो. सपाट जागेवर, वारा नसताना, तुम्ही खेळात वापरता त्याच प्रकारचे चेंडू घेऊन प्रत्येक वेजने दहा-दहा फटके मारा. सरावाचे झिजलेले चेंडू इथे उपयोगाचे नाहीत. त्यांची उडीही वेगळी आणि फिरकीही वेगळी. नोंद ठेवायची ती कॅरीची, म्हणजे चेंडू हवेतून जाऊन जिथे पडला तिथपर्यंतच्या अंतराची. घरंगळून गेलेलं अंतर मोजू नका, ते जमिनीवर अवलंबून असतं. स्पष्टपणे चुकलेले फटके वगळा आणि उरलेल्यांतला मधला आकडा घ्या. पूर्ण जोर लावू नका, मैदानावर जितका लावता तितकाच. लाँच मॉनिटर (फटक्याचा वेग आणि अंतर मोजणारं यंत्र) हाताशी असेल तर काम सोपं होतं. नसेल तर लेझर रेंजफाइंडर आणि मोकळं मैदान पुरतं.

आता लॉफ्टच्या पायऱ्या आखा. दोन वेजेसमध्ये चार ते सहा अंशांचं अंतर ठेवावं असं सर्वसाधारणपणे म्हटलं जातं आणि मध्यम वेगाच्या स्विंगला त्यातून दहा ते पंधरा यार्डांचा फरक मिळतो. पिचिंग वेज ४४ ची असेल तर ४९ आणि ५४, चौथी हवी असेल तर ५९ किंवा ६०. ती ४६ ची असेल तर ५०, ५४, ५८, किंवा बॅगेत जागा कमी असेल तर ५२ आणि ५८. ४८ च्या पिचिंग वेजबरोबर ५२, ५६, ६० हा जुना सरळ संच अजूनही चोख बसतो. पायऱ्या काटेकोर सारख्या असल्याच पाहिजेत असं नाही. वरच्या टोकाला, म्हणजे पिचिंग आणि गॅप वेजने, बहुतेक फटके पूर्ण स्विंगचे असतात, तिथे अंतर कमी ठेवा. खालच्या टोकाला अर्ध्या-पाऊण स्विंगचे फटके जास्त, तिथे सहा अंशांची उडी चालून जाते.

स्विंगचा वेग कमी असेल तर हे गणित बदलतं, आणि बाजारातला सल्ला हे सहसा सांगत नाही. ज्याची पिचिंग वेज ऐंशी यार्ड जाते, त्याला चार अंशांच्या फरकातून जेमतेम सात-आठ यार्ड मिळतात. तेवढ्यासाठी एक क्लब खर्ची घालण्यात अर्थ नाही. अशा खेळाडूने पायऱ्या सहा-सात अंशांच्या ठेवाव्यात, पिचिंग धरून तीन वेजेसवर थांबावं आणि वाचलेली जागा हायब्रिड किंवा फेअरवे वुड या लांब पल्ल्याच्या क्लबला द्यावी. नियमाप्रमाणे बॅगेत चौदाच क्लब ठेवता येतात, तेव्हा चौथी वेज आत येते म्हणजे वरचा कुठला तरी क्लब बाहेर जातो. कोणता जाणार हे वेज घेण्याआधी ठरलेलं असावं. मर्यादा ओलांडली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) ज्या ज्या होलवर जास्तीचा क्लब बॅगेत होता, त्या प्रत्येकासाठी दोन स्ट्रोकचा दंड आहे, फेरीत जास्तीत जास्त चार. नवी वेज आल्यावर जुनी घरी ठेवायची राहून जाते आणि दंड बसतो तो असाच.

लॉफ्टवर लोक फार वेळ घालवतात आणि बाउन्सवर फार कमी. खरं तर फटका नीट लागतो की नाही हे बाउन्सच ठरवतो. क्लब सरळ उभा धरला तर फेसची खालची धार, म्हणजे लीडिंग एज, जमिनीपासून थोडी वर राहते आणि सोलचा, म्हणजे क्लबच्या तळाचा, मागचा भाग खाली टेकतो. या सोलचा जमिनीशी होणारा कोन म्हणजे बाउन्स. चार ते सहा अंश म्हणजे कमी, सात ते दहा मध्यम, त्यापुढे जास्त. बाउन्स क्लबला जमिनीत रुतू देत नाही, वर ढकलतो. १९३२ साली अमेरिकन गोल्फपटू जीन साराझेनने इंग्लंडमधल्या प्रिन्सेसच्या मैदानावर द ओपन ही स्पर्धा जिंकली, तेव्हा त्याच्या बॅगेत सोलला मागच्या बाजूने धातू चढवून तयार केलेली सँड वेज होती. धार वाळूत घुसण्याऐवजी सोलने वाळू उडवावी हीच त्यामागची कल्पना, आणि आजच्या प्रत्येक सँड वेजची घडण तिच्यावरच झाली आहे.

तुम्हाला किती बाउन्स लागेल हे तुमचे डिव्होट, म्हणजे फटक्याने गवतात पडणारे खड्डे, सांगतात. पंधरा-वीस फटके गवतावर मारून मागे वळून पाहा. डिव्होट खोल आणि तोंडाशी उभे कापलेले असतील तर तुमचा क्लब वरून उभा खाली येतो; तुम्हाला दहा किंवा त्याहून जास्त बाउन्स आणि रुंद सोल सोयीचा. गवताला नुसता ओरखडा उठत असेल तर क्लब आडवा सरपटत येतो. मध्यम किंवा कमी बाउन्स घ्या. ही परीक्षा सरावाच्या मॅटवर घेऊ नका. मॅटवर क्लब चेंडूच्या दोन इंच मागे आपटला तरी घसरत पुढे जातो आणि फटका चांगला वाटतो. गवतावर तोच फटका तिथेच मरतो.

डिव्होटइतकीच जमीनही पाहा. नेहमी खेळता ते मैदान मऊ, ओलसर, दाट गवताचं आणि बंकरमधली वाळू भुसभुशीत असेल तर बाउन्स वाढवा. जमीन टणक, गवत आखूड आणि वाळू पातळ किंवा ओली होऊन घट्ट बसलेली असेल तर कमी करा. चूक कशी होते तेही समजून घ्या, म्हणजे दोष क्लबचा की स्विंगचा हे ओळखता येईल. मऊ जमीन, उभा स्विंग आणि कमी बाउन्स एकत्र आले की धार चेंडूआधीच मातीत रुतते आणि चेंडू चार पावलांवर पडतो. उलट टणक जमीन, आडवा स्विंग आणि जास्त बाउन्स एकत्र आले की सोल जमिनीवरून उसळतो, धार चेंडूच्या पोटात बसते आणि चेंडू ग्रीन (होलभोवतीचा आखूड गवताचा भाग) ओलांडून पलीकडे जातो. यातली एकच चूक तुमच्याकडून वारंवार होत असेल तर धडे घेण्याआधी सोलवरचा आकडा वाचा.

कोरलेला बाउन्स आणि प्रत्यक्ष मिळणारा बाउन्स यांत फरक असतो, हेही ध्यानात ठेवा. शाफ्ट एक अंश पुढे झुकवून मारलं की लॉफ्ट आणि बाउन्स दोन्ही साधारण एक-एक अंशाने घटतात. म्हणून फटक्याच्या वेळी हात खूप पुढे नेणाऱ्याला कागदावर दहाचा बाउन्स असलेली वेज प्रत्यक्षात तीन-चारची मिळते. फेस उघडला की उलट घडतं, दोन्ही वाढतात. सगळ्या वेजेसना सारखा बाउन्स घेऊ नका. सँड वेजला बारा, लॉब वेजला (सर्वांत जास्त लॉफ्टच्या, साठ अंशांच्या आसपासच्या वेजला) सहा-आठ, अशी जोडी ठेवली तर मऊ आणि टणक अशा दोन्ही जागांवर हाताशी काहीतरी असतं.

ग्राइंड म्हणजे सोलची टाच, टोक किंवा मागची कड घासून काढण्याची पद्धत. तुम्ही फेस नेहमी लक्ष्याकडे सरळच ठेवून खेळत असाल तर पूर्ण रुंद सोल ठेवा आणि हा विषय इथेच सोडा. फेस उघडून उंच, मऊ फटके मारत असाल तर टाच आणि मागची कड घासलेला सोल लागतो. नाहीतर फेस उघडताच धार जमिनीपासून इतकी वर उचलली जाते की ती चेंडूखाली जातच नाही. दुकानात क्लब जमिनीवर टेकवून फेस उघडा आणि धार किती वर जाते ते खाली वाकून पाहा.

लॉब वेजबद्दल मत स्पष्ट आहे: आठवड्यातून एकदा खेळणाऱ्याला साठ अंशांची वेज क्वचितच लागते. एवढ्या लॉफ्टवर चेंडू फेसवर अर्धा इंच वर लागला की अंतर झपाट्याने घटतं, आणि पूर्ण स्विंगने तिच्यात सातत्य आणणं फार कठीण. उंच कड्याचे बंकर आणि ग्रीनच्या अगदी कडेला असलेले होल तुमच्या मैदानावर वारंवार भेटत असतील तरच घ्या. तरीही मोह होत असेल तर ५८ अंशांवर थांबा.

गॅप वेज शक्यतो आयर्नच्याच संचातली घ्या. तिने बहुतेक फटके पूर्ण स्विंगचे होतात आणि संचातल्या पोकळ पाठीच्या घडणीत चुकीच्या जागी लागलेला चेंडूही बऱ्यापैकी जातो. शिवाय शाफ्ट आणि वजन आपोआप जुळतं. सँड आणि लॉब वेज मात्र वेगळ्या, खास वेज म्हणून बनवलेल्या घ्या. तिथे सोलची घडण महत्त्वाची. त्यांचा शाफ्ट आयर्नच्या शाफ्टइतकाच किंवा किंचित जड असावा. हलक्या ग्रॅफाइटच्या आयर्नशेजारी जडशीळ पोलादी वेज ठेवली की ताल बिघडतो. लांबी साधारण पस्तीस ते साडेपस्तीस इंच असते. लाय अँगल, म्हणजे शाफ्टचा जमिनीशी होणारा कोन, तपासून घ्या: जास्त लॉफ्टच्या क्लबमध्ये लायची चूक दिशेवर अधिक उमटते, आणि टाच खाली दबत असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो. रंग आणि लेप आवडीप्रमाणे निवडा. विनालेप वेज गंजते आणि उन्हात चमकत नाही, एवढाच व्यवहारातला फरक.

वापरलेली वेज घेत असाल तर फेसवरच्या खाचा नखाने चाचपून पाहा. कडा गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या गवतातून चेंडू फिरकी न घेता उंच उडतो आणि ग्रीनवर थांबत नाही. घरगुती अवजाराने खाचा पुन्हा धारदार करू नका. २५ अंश आणि त्यापुढच्या लॉफ्टच्या क्लबसाठी खाचांचा आकार आणि कडांची धार यांवर २०१० पासून कडक मर्यादा आहेत, आणि हाताने केलेल्या कामात त्या सहज ओलांडल्या जातात. फिरकीसाठी चेंडूही बघावा लागतो. युरेथेनच्या मऊ आवरणाचा चेंडू ग्रीनभोवती आयोनोमर या कडक प्लॅस्टिकच्या आवरणाच्या चेंडूपेक्षा स्पष्टपणे जास्त फिरतो.

वेज हातात आली की लॉफ्ट-लाय यंत्रावर मोजून घ्या. कोरलेल्या आकड्यात एखाद्या अंशाची तफावत असू शकते. एक क्लब एका अंशाने खाली आणि शेजारचा एका अंशाने वर गेला तर चारची पायरी दोनची होते. गरज असेल तर वाकवून घेता येते, पण दोन अंशांपलीकडे नको, आणि बाउन्सही सोबत बदलतो हे विसरू नका: ५६ अंशांची, दहा बाउन्सची वेज ५४ वर आणली की बाउन्स आठ उरतो. मऊ कार्बन पोलाद नीट वाकतं. कडक स्टेनलेस पोलादाच्या ओतीव क्लबला कारागीर बऱ्याचदा हात लावत नाहीत.

सगळ्या एकदम घ्यायची घाई नसेल तर आधी सँड वेज घ्या, कारण बंकर आणि ग्रीनभोवतीचे सर्वाधिक फटके तिच्यावर येतात. महिनाभर खेळून बाउन्स जुळला की गॅप वेज, आणि मग वाटलंच तर चौथी. प्रत्येक वेळी अंतरं नव्याने मोजा, तीन लांबीच्या स्विंगने: हात कमरेपर्यंत, छातीपर्यंत, खांद्यापर्यंत. हे तीन आकडे छोट्या चिकटपट्टीवर लिहून शाफ्टवर ग्रिपच्या खाली लावा. मऊ पोलादाच्या वेजेसचा लॉफ्ट मॅटवर आपटून आपटून सरकतो, म्हणून वर्षातून एकदा त्या यंत्रावर तपासून घ्या आणि लॉफ्ट सरकलेला निघाला तर पट्टीवरचे आकडेही बदला.