उकळतं पाणी, उकळलेलं पाणी

पंचवटीतल्या माझ्या इंग्रजीच्या शिकवणीत दरवर्षी कुणीतरी सांगतंच, ‘सर, आय ॲम बोरिंग.’ मी म्हणतो, ‘असशील, पण ते आम्ही ठरवू!’ कंटाळा आणणारा तो बोरिंग, कंटाळलेला तो बोअर्ड.

ही दोन्ही रूपं पार्टिसिपल. पार्टिसिपल म्हणजे आपलं धातुसाधित विशेषण, क्रियापदापासून बनलेलं. मराठीत ते तुम्ही रोज वापरता, म्हणून आधी मराठीत बोलून बघा. ‘-णारा’ किंवा ‘-त असलेला’ आलं, तर आयएनजी लावा. ‘-लेला’ आलं, तर क्रियापदाचं तिसरं रूप. बॉइलिंग वॉटर म्हणजे उकळतं पाणी, बॉइल्ड वॉटर म्हणजे उकळलेलं. पिंपळगावकडे द्राक्षं वाळत टाकली की ती ड्राइंग ग्रेप्स. बेदाणा झाला की ड्राइड.

तिसरं रूप ईडीनेच संपतं असं नाही. रिटन, ब्रोकन, कट पाठच करावी लागतात, इलाज नाही. हॅव आणि हॅजपुढेही हेच रूप येतं: आय हॅव ईटन. इथे ‘एट’ लिहिलं की माझा लाल पेन चालतो.

खरी गंमत वाक्याच्या सुरुवातीला होते. ‘वॉकिंग अलाँग द गोदावरी, द टेंपल लुक्ड ब्यूटिफुल’ असं एकीने लिहिलं. म्हणजे काळाराम मंदिरच गोदाकाठी फिरायला निघालं! स्वल्पविरामानंतर लगेच चालणारा माणूस आणा: ‘आय सॉ द टेंपल.’ पेपरात असं वाक्य आलं, की आधी विचारा, चालतंय कोण?