चाखलेल्या वाइनची वही कशी ठेवावी

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर ‘ब्लॅककरंट, देवदार, चामडे’ असे तीन शब्द लिहिलेले आहेत. ते मी बाटलीच्या मागच्या चिठ्ठीवरून उतरवून घेतले होते. ब्लॅककरंटचे फळ मी आजवर हातात घेतलेले नाही; आइस्क्रीमच्या नावापुरतीच त्याची ओळख. त्यामुळे ती नोंद आज वाचली तर त्या वाइनची चव काही केल्या आठवत नाही. काही पाने पुढे शिराझ नावाच्या एका तांबड्या वाइनबद्दल ‘पिकलेले जांभूळ, जीभ जडावते तसे, मागून मिरी’ असे लिहिले आहे आणि ती ओळ वाचताच तो पेला जसाच्या तसा समोर उभा राहतो. म्हणून वही ठेवू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे हे की, नोंद आपल्या ओळखीच्या वासांतच करावी. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाजवळ असे वास कमी नाहीत: केसर आंबा, मोसंबीची साल, बालाघाटातले सीताफळ, कवठाचा गर, हुरड्याच्या आगटीचा धूर, पहिल्या पावसानंतरची काळी माती, वाळलेला कडबा, भाजलेला काळा मसाला.

वही साधी, शंभर पानी असली तरी चालते. मात्र एका वाइनला एक पूर्ण पान द्यावे. पानाच्या माथ्यावर वाइनचे नाव, द्राक्षाची जात, प्रदेश, वर्ष, अल्कोहोलचे प्रमाण, किंमत आणि चाखल्याची तारीख लिहावी. यांतील वर्ष हे द्राक्षे खुडल्याचे असते आणि ते वाचताना एक भान ठेवावे लागते. महाराष्ट्रात ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होऊन द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात, तर युरोपात ती सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खुडतात. म्हणजे एकाच वर्षाचा आकडा असलेली नाशिकची वाइन फ्रान्सच्या वाइनपेक्षा सहा-सात महिन्यांनी मोठी असते. पांढऱ्या वाइनचा ताजेपणा तोलताना हा फरक लक्षात घेण्याजोगा आहे.

माथ्यावरच आणखी दोन रकाने आखावेत, जे परदेशी नमुन्यांत सहसा आढळत नाहीत: चाखताना वाइनचे तापमान किती होते आणि त्याआधी बाटली कोठे ठेवलेली होती. आपल्याकडे मे महिन्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो आणि त्या उष्णतेत वाइन शब्दशः शिजते. एका उन्हाळ्यात मी शेनिन ब्लां या जातीच्या द्राक्षांच्या पांढऱ्या वाइनची एक बाटली स्वयंपाकघरातल्या फडताळावर दोन महिने राहू दिली. उघडली तेव्हा तिचा रंग गडद झालेला होता, वास मोरांब्यासारखा येत होता आणि मी ‘ही जात आपल्याला रुचत नाही’ असे लिहून मोकळा झालो. पुढच्या हिवाळ्यात तीच वाइन एका स्नेह्यांकडे, नीट थंड जागी ठेवलेली, चाखली. तिला पेरूचा आणि किंचित मधाचा वास होता. दोष द्राक्षाचा नव्हता, माझ्या फडताळाचा होता. जुनी नोंद मी खोडली नाही, तिच्याखाली कारण लिहून ठेवले.

पेल्यातल्या तापमानाचेही तसेच. तांबडी वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा सल्ला युरोपातील थंड घरांचा आहे. आपल्या उन्हाळ्यातील खोलीत तीच वाइन नुसती दारूसारखी झोंबते आणि फळाचा वास दबून जातो. तांबडी वाइन १६ ते १८ अंश सेल्सिअसला आणि पांढरी ८ ते १२ अंशांना चाखावी. त्यासाठी उन्हाळ्यात तांबडी बाटली तेवढी गार होईपर्यंत फ्रिजमध्ये ठेवावी आणि उलट पांढरी बाटली फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर राहू द्यावी, कारण फार गार वाइनला वास येत नाही. स्वयंपाकघरातला साधा थर्मामीटर या कामाला पुरतो.

चाखण्याची वेळ जेवणाआधीची ठेवावी. त्या वेळी घरात फोडणी नसावी, अंगावर अत्तर नसावे आणि निदान तासभर आधी पान, सुपारी किंवा लसूण-मिरचीचा ठेचा खाल्लेला नसावा. पेला पोटाशी रुंद आणि तोंडाशी अरुंद असा असावा, म्हणजे वास आत कोंडून राहतो. त्यात ५० मिलिलिटरच्या आसपासच वाइन ओतावी. एकाच बैठकीत तीन-चार वाइन चाखायच्या असतील तर व्यावसायिक चाखणारे करतात त्याप्रमाणे घोट तोंडात फिरवून तस्तात टाकून द्यावा. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही, कारण तिसऱ्या पेल्यानंतरची नोंद बहुधा उदार आणि निरुपयोगी असते.

रंगाची नोंद एका ओळीत आटपावी. वासाला मात्र वेळ द्यावा, कारण ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग नाकाने कळतो. जिभेला आंबट, गोड, खारट, कडू यांच्या पलीकडे फारसे उमगत नाही. पेला न हलवता एकदा, मग गोल फिरवून एकदा हुंगावा आणि मनात आलेला पहिला शब्द, तो कितीही घरगुती असला तरी, लगेच लिहावा. दुसऱ्याने उच्चारलेला शब्द कानावर पडला की नाकाला तोच वास येऊ लागतो. म्हणून सोबत मंडळी असतील तर सर्वांचे लिहून होईपर्यंत कोणी बोलू नये.

घरगुती शब्द कच्चे असतात असे मानू नये. शिराझमध्ये मिरीचा वास येतो तो भासाने नव्हे. त्यामागे असलेला रोटुंडोन हा पदार्थ ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये ओळखला आणि तोच आपल्या काळ्या मिरीतही असतो. सुमारे पाचातल्या एका माणसाला तो जाणवतच नाही, तेव्हा शेजाऱ्याला मिरी सापडली आणि आपल्याला नाही तर वहीत खोटी मिरी टाकू नये. ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला लवंगेचा वास येतो, कारण भाजलेल्या ओकच्या लाकडातून लवंगेतलेच युजेनॉल तिच्यात उतरते. मस्कॅट द्राक्षांच्या वाइनमधला लिनालूल हा धन्यांच्या तेलातला मुख्य घटक आहे. सोव्हिन्यों ब्लां आणि कॅबर्ने सोव्हिन्यों या जातींच्या द्राक्षांत हिरव्या ढोबळी मिरचीचा वास देणारी पायराझिने नावाची संयुगे असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधक अॅन नोबल यांनी १९८० च्या दशकात वाइनच्या वासांची नावे गटागटाने मांडणारे जे चक्र तयार केले, त्याचाही आग्रह हाच होता की ‘भारदस्त’, ‘सुरेख’ असे मोघम शब्द टाळून दाखवता येईल अशा वस्तूचे नाव घ्यावे. त्या चक्रातील वस्तू त्यांच्या बाजारातल्या होत्या. आपण आपल्या मंडईतल्या घ्याव्यात. मी मसाल्याच्या डब्यातील लवंग, मिरी, धने, दगडफूल डोळे मिटून ओळखण्याचा सराव करतो. तो दहा मिनिटांत होतो आणि दगडफुलाने मला अजूनही दोनदा चकवले आहे.

घोट घेतल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. आंबटपणा किती, हे तोंडाला सुटलेल्या पाण्यावरून कळते. तुरटपणा हिरड्यांवर आणि गालांच्या आतल्या बाजूला जाणवतो. जालना जिल्ह्यातील कडवंचीसारख्या गावांची खाण्याची द्राक्षे आपल्या परिचयाची असतात. त्यांची साल पातळ असते आणि बिया नसतात. वाइनची द्राक्षे मात्र लहान, जाड सालीची आणि बियांची असतात आणि तांबड्या वाइनचा रंग व तुरटपणा प्रामुख्याने त्या सालींतून येतो. वाइन तोंडात पाण्यासारखी पातळ वाटते की ताकासारखी दाट, हे तिसरे. गिळल्यावर किंवा टाकल्यावर चव किती सेकंद मागे रेंगाळते, हे चौथे. ते घड्याळ लावून मोजावे.

नमुन्यादाखल माझ्या वहीतील डिसेंबरातली एक नोंद देतो: ‘सोव्हिन्यों ब्लां, १० अंश. बाटली आठ दिवस फ्रिजच्या दारात. न हलवता: ताजी कापलेली हिरवी चाऱ्याची पेंढी. हलवल्यावर: पेरू, कैरीची साल. आंबटपणा मोसंबीहून जास्त, लिंबाहून कमी. अंगाने पातळ. मागे नऊ सेकंद, शेवटी किंचित कडू, मोसंबीची बी चावल्यासारखी. कोथिंबिरीच्या वड्यांबरोबर कडूपणा गेला. नान खलियाच्या मटण-रश्श्यापुढे काहीच उरले नाही.’ या नोंदीत ‘छान’ हा शब्द नाही, तरी ही बाटली पुन्हा घ्यायची का आणि कशाबरोबर, हे तीवरून ठरवता येते.

बिघाडाची नोंद वेगळ्या शाईने करावी. ओल्या पुठ्ठ्याचा किंवा कोंदट तळघराचा वास आला तर बहुधा बुचाचा दोष असतो; व्हिनेगरचा किंवा नखांच्या रंगाचा उग्र वास जिवाणूंनी घर केल्याचे सांगतो. अशा वाइनला गुण देऊ नयेत. एरवीही गुणांच्या आकड्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्याऐवजी ‘पुन्हा घेईन’, ‘कोणी दिली तर घेईन’ आणि ‘नको’ एवढे तीन शेरे मला पुरतात. आपला शेरा किंमत पाहून बदलतो का, हे तपासायचे असेल तर दोन बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून घरच्या माणसाला ओतायला सांगाव्यात आणि नोंद पूर्ण झाल्यावरच कागद काढावा.

वहीची शेवटची चार पाने आपल्या शब्दांच्या कोशासाठी मोकळी ठेवावीत. दर सहा महिन्यांनी सगळ्या नोंदी वाचून, जो शब्द प्रत्येक पानावर येतो आणि म्हणून काहीच सांगत नाही, तो वर्ज्य करावा. मी ‘फळांसारखा’ हा शब्द असाच काढून टाकला. ज्या शब्दाच्या पोटात अनेक छटा आहेत त्याची पट्टी आखावी. माझ्या कोशात तुरटपणाच्या सध्या तीन पायऱ्या आहेत: पहिली कोऱ्या चहाची, दुसरी सुपारीची, तिसरी हिरडा या फळाची. दुसरी आणि तिसरी यांच्यामधली जागा रिकामी आहे. जूनमध्ये जांभळे बाजारात आली की अर्धवट पिकलेले एक जांभूळ चावून पाहीन आणि ते तिथे बसते का ते ठरवीन.