खोटं गाव वसवा, मग सुरक्षा की स्वातंत्र्य ते बोला: शेंगांचा खेळ कसा घ्यायचा

कॅमेरे बसवा, गेटवर वही ठेवा, दहानंतर पोरांनी बाहेर दिसायचं नाही, असा विषय निघाला की आमच्याकडं दोन मिनिटांत दोन पार्ट्या पडतात. एक म्हणते जीव महत्त्वाचा, दुसरी म्हणते आम्ही काय कैदी आहोत का, आणि अर्ध्या तासानं सगळे होते तिथंच. म्हणून मी सोलापुरात पूर्व भागातल्या आठवी ते बारावीच्या मुलांना घेऊन सुट्टीत एक खेळ घेते. एक खोटं गाव वसवायचं आणि त्याचे नियम मुलांनीच करायचे. तुमच्या गल्लीत, वाचनालयात, मंडळात कुठंही जमेल, कसं ते सांगते.

सामान फार नाही. मोठी कार्डशीट, स्केचपेन, चिठ्ठ्या, मधे ठेवायला एक परात, प्रत्येकाला एक वाटी आणि वीस-वीस शेंगा. शेंगा कच्च्या आणा, भाजलेल्या आणल्या की पोरं खेळ संपायच्या आत खाऊन टाकतात. दहा-बारा मुलं आणि दोन तास धरा.

पहिलं काम म्हणजे नकाशा. नियमांचं नावसुद्धा काढू नका. गावाला नाव द्या (आमचं निवांतपूर), मग मुलांना विचारा की बसस्टँड कुठं, यंत्रमागाचे कारखाने कुठं, भाजी मंडई कुठं, क्लास कुठं, कुठल्या बोळात अंधार असतो. यात अर्धा तास गेला तरी जाऊ दे, कारण जे गाव आपण स्वतः काढलं त्याच्यावरच माणूस जीव टाकतो.

मग चिठ्ठ्या. यात माणसं लिहायची: रात्रपाळीचा यंत्रमाग कामगार, विड्या वळणारी बाई, पहाटे चारला मंडईत माल आणणारा, संध्याकाळच्या क्लासची बारावीतली मुलगी, एकटे राहणारे आजोबा, बाहेरगावचा नवीन भाडेकरू, गावच्या कारभारावर लिहिणारा पत्रकार, चौकीदार, सरपंच, आणि जिच्या घरी चोरी झाली ती बाई. चिठ्ठी उचलायची, आवडीनं निवडायची नाही. हे मी चुकून शिकले, पहिल्या वेळी ज्याला जे पाहिजे ते घेऊ दिलं तर सगळ्यात मोठ्या आवाजाचा पोरगा सरपंच झाला आणि बाकीचे गप्प बसले.

आता भीती आणायची, आणि ती खरी पाहिजे. महिनाभरात तीन घरं फुटलीत, एका म्हाताऱ्या माणसाला मारहाण झालीय, चोर सापडलेला नाही. खोट्या गावाच्या गोष्टीत राज्य करणारा नेहमी दुष्ट असतो, त्यामुळं स्वातंत्र्याच्या बाजूनं बोलायला काहीच लागत नाही. तुमचा सरपंच चांगला माणूस ठेवा, त्याला खरंच झोप येत नाहीय असं सांगा. चोरी झालेल्या बाईला आधी बोलू द्या, मधे कुणी बोलायचं नाही.

मग नियम. मुलं सुचवतील, हात वर करून पास करायचे. पण प्रत्येक नियम पास झाला की ज्याच्या त्याच्या चिठ्ठीतल्या माणसाचं काय जाणार ते त्यानंच सांगायचं आणि तेवढ्या शेंगा मधल्या परातीत टाकायच्या. किती टाकायच्या ते दुसऱ्यानं सांगायचं नाही, या खेळाचा सगळा जीव इथं आहे.

मागच्या वेळी रात्री दहाचा कर्फ्यू एका मिनिटात पास झाला, सगळे खूश. आजोबांनी शून्य शेंगा टाकल्या, सरपंचानं एक. आणि रात्रपाळीची चिठ्ठी आलेली नववीतली मुलगी वाटीकडं बघत बसली. तिचे वडील खरोखर मागावर जातात. ती म्हणली, "ताई, पाळी बाराला सुटते, मग मी कारखान्यातच झोपू का?" आणि सात शेंगा मोजून परातीत टाकल्या. कुणी काही बोललं नाही. मग एक पोरगा म्हणला की तिला पास देऊ, लगेच दुसरा म्हणला पास कोण देणार, चौकीदार? आणि त्याच्याशी भांडण झालं तर? असं होऊ लागलं की तुम्ही गप्प बसा, तुमचं मत घालू नका.

चार-पाच नियम झाले की सगळ्या वाट्या ओळीनं लावा. बहुतेक वेळा दिसतं असं की नियम सगळ्यांसाठी एकच, पण रिकाम्या झाल्या दोन-तीनच वाट्या: कामगार, भाडेकरू, पत्रकार. आता विचारा, तेवढीच सुरक्षा मिळेल आणि परातीत कमीत कमी शेंगा पडतील असं काही आहे का. आमच्याकडं एकानं अंधाऱ्या बोळात दिवे लावू म्हणून सांगितलं, एक शेंगसुद्धा कुणाची गेली नाही. असे उपाय आधी का सुचत नाहीत यावर भरपूर वेळ द्या.

अडलं तर तीन प्रश्न फळ्यावर लिहा. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं सांगितलं, आणि सरकारनं या हक्कात हात घालायचा तर काय तपासायचं तेही सांगितलं. आपल्या भाषेत: त्याला कायदा आहे का, गरज खरी आहे का, आणि उपाय गरजेपुरताच आहे का. माझी मुलं चौथा लावतात, हे कधी संपणार? म्हणून पुढची पायरी अशी की चोर सापडला असं जाहीर करा आणि बघा किती जण आपण होऊन नियम काढायला हात वर करतात. आमच्याकडं दोघांनी केला. म्हणून आता प्रत्येक नियमासमोर संपायची तारीख लिहिल्याशिवाय तो पास होत नाही.

शेवटची वीस मिनिटं खऱ्या सोलापूरला ठेवा. मे १९३० मध्ये इंग्रजांनी इथं मार्शल लॉ, म्हणजे लष्करी अंमल लावला, शांतता पाहिजे म्हणून, आणि तिरंगा घेऊन निघणं गुन्हा झाला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी दिली. मुलं त्यांच्या पुतळ्यांवरून रोज जातात. दुसरं म्हणजे सेटलमेंट, सरकारनं गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची वस्ती. १८७१ पासून चालत आलेल्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मावरूनच माणूस चोर ठरायचा, तारेच्या कुंपणात राहायचं, हजेरी द्यायची, बाहेर जायला परवानगी, आणि तिथलीच माणसं गिरण्यांत राबायची. बाकीच्या गावाला सुरक्षित वाटावं म्हणून. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा देशभरातून गेला, म्हणून या जमातींना विमुक्त हा शब्द. हे सांगताना समोरच्या कुठल्याच मुलाचं आडनाव, घर, वस्ती काढायची नाही, ही अट माझ्याकडून पक्की समजा. मी फक्त परातीकडं बोट दाखवते आणि विचारते, त्या वेळी कुणाच्या वाटीतल्या शेंगा इथं पडल्या असतील.

नकाशा भिंतीवर राहू द्या. पुढच्या रविवारी त्याच गावात त्याच नियमांवर खेळायचं, फक्त चिठ्ठ्या परत उचलायच्या. सरपंचाच्या हातात भाडेकरूची चिठ्ठी आली की तो पहिला नियम कुठला वाचायला घेतो ते बघा, आणि शेंगा या वेळी भाजून आणल्या तरी चालतील.