मास्कचा नियम बदलण्याआधी: दुकानाने आणि ग्राहकाने करून ठेवायची तयारी

मास्कचा नियम सरकार बदलतं, पण तो तोंडाने सांगावा लागतो दुकानाच्या दारात उभ्या असलेल्या माणसाला. आदेश काढणारे त्या वेळी समोर नसतात, मालक बहुतेकदा आत असतो आणि रागावलेल्या ग्राहकासमोर असतो तो सगळ्यात कमी पगाराचा कर्मचारी. म्हणून या तयारीतलं प्रत्येक काम एकाच प्रश्नाला धरून केलेलं बरं: यामुळे दारातल्या आणि गल्ल्यावरच्या माणसाचं ओझं कमी होतंय का?

नियम एकदाच बदलेल असं धरून चालू नका. कोविडच्या साथीत इंग्लंडमध्ये दुकानांतली मास्कसक्ती २४ जुलै २०२० ला आली, १९ जुलै २०२१ ला उठली, ओमायक्रॉन हा विषाणूचा नवा प्रकार आल्यावर ३० नोव्हेंबर २०२१ ला परत लागली आणि २७ जानेवारी २०२२ ला पुन्हा उठली. ऑस्ट्रियात २०२० च्या एप्रिलमध्ये आलेली सक्ती जूनच्या मध्याला दुकानांतून गेली आणि २४ जुलैला सुपरमार्केटांत परत आली. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने १३ मे २०२१ ला लसीचे डोस पूर्ण झालेल्यांना बहुतेक ठिकाणी मास्कची गरज नाही असं सांगितलं आणि २७ जुलैला, डेल्टा हा विषाणूचा प्रकार पसरल्यावर, संसर्ग जास्त असलेल्या भागांत बंद जागेत सगळ्यांनीच मास्क लावावा असा सल्ला दिला. पुढच्या साथीतही असंच होईल. विषाणू बदलतो, त्याच्याबद्दलची माहिती वाढते आणि त्याप्रमाणे सल्लाही बदलतो. त्यात कुणाची फसवणूक नसते, पण दुकानात उभं राहून हे समजावत बसायला वेळ नसतो. म्हणून तीन गोष्टी आधीच लिहून ठेवायच्या: सक्ती असेल तेव्हा आपण काय करणार, फक्त सल्ला असेल तेव्हा काय करणार आणि काहीच नसेल तेव्हा काय करणार. तिन्हींसाठी एकेक पान पुरतं. नियम बदलला की त्या दिवशी विचार करत बसायचं नाही, फक्त पान बदलायचं.

हे करताना मूळ आदेश वाचा. बातमीचा मथळा किंवा मोबाइलवर फिरणारा संदेश पुरत नाही. आदेशात काही जागा नेमक्या शोधायच्या असतात. तो कोणत्या तारखेपासून आणि किती वाजल्यापासून लागू आहे? आपल्या प्रकारच्या दुकानाला लागू आहे का? फक्त ग्राहकांना आहे की कर्मचाऱ्यांनाही? कोणाला सूट आहे, मुलांचं वय काय धरलं आहे आणि मास्क न लावणाऱ्याला अडवण्याची जबाबदारी दुकानावर टाकली आहे की पोलिसांवर? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका तोच वाचायचा राहून जातो. वयाचंही तसंच आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी २०२० मध्ये पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मास्कची सक्ती नको असं सांगितलं, तर सीडीसीचा सल्ला दोन वर्षांपासून पुढच्या मुलांना होता. दोन्ही संस्था मोठ्या, तरी आकडा वेगळा. दारात आईवडिलांशी वाद होण्यापेक्षा आपल्याकडे लागू असलेला आकडा पाटीवर लिहिलेला बरा.

सरकारची सक्ती, सरकारचा सल्ला आणि दुकानाची स्वतःची अट या तीन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नका. सक्ती उठल्यावरही दुकान आपल्या जागेत मास्कची विनंती करू शकतं आणि बऱ्याच ठिकाणी अटही घालू शकतं. इंग्लंडमध्ये जानेवारी २०२२ नंतर काही मोठ्या दुकानांनी ग्राहकांना मास्क लावत राहण्याची विनंती केलीच होती. पण मग पाटीवर ‘शासनाच्या आदेशानुसार’ असं लिहायचं नाही. ‘आमच्या दुकानाची विनंती’ असं लिहायचं. लोकांना नियम आवडला नाही तरी खरं सांगितलेलं बहुतेकांना चालतं. सक्ती नसताना सक्तीच्या नावाखाली अडवलं की पुढच्या वेळी खरी सक्ती आली तरी ते ऐकत नाहीत.

पाट्यांकडे वेगळं लक्ष द्या. दारावर एकच पाटी असावी, मोठ्या अक्षरांत आणि खाली तारीख: ‘अमुक तारखेपासून’. तारीख असली की ग्राहकाला कळतं की दुकान जागं आहे, आणि कर्मचाऱ्याला बोटाने दाखवायला काहीतरी मिळतं. जुनी पाटी त्याच दिवशी काढा. आत मास्क न लावलेला कर्मचारी आणि काचेवर गेल्या वर्षीची ‘मास्कशिवाय प्रवेश नाही’ ही पाटी, असं दृश्य साथीच्या दुसऱ्या वर्षी जागोजागी दिसायचं आणि त्याने सगळ्याच पाट्यांची किंमत गेली. फोनवर ऐकू येणारा रेकॉर्ड केलेला संदेश, संकेतस्थळ आणि दुकानाच्या समाजमाध्यमांवरचं पान हीसुद्धा पाटीच आहे. ते बदलण्याचं काम कुणाकडे आहे, हे त्या एका पानावर नावासकट लिहा. चित्र असलेली पाटी वाचता न येणाऱ्यांना आणि परक्या भाषेच्या माणसांना उपयोगी पडते. नाक झाकलेला चेहरा आणि नाक उघडं असलेला चेहरा शेजारी शेजारी दाखवले की मास्क नाकाखाली ओढणाऱ्याला वेगळं बोलावं लागत नाही.

आता दारात काय बोलायचं, कारण सगळी तयारी इथेच कसाला लागते. कर्मचाऱ्यांना दोन-तीन वाक्यं ठरवून द्या आणि ती तोंडाने म्हणवून घ्या. ‘नमस्कार, आज आत मास्क लागतो. नसेल तर हा घ्या.’ एवढं पहिलं वाक्य. त्यात आरोप नाही आणि हातात उपाय आहे. बरेच जण विसरलेले असतात, ते मास्क घेतात आणि आत जातात. ग्राहक नाही म्हणाला तर दुसरं वाक्य: ‘तुम्हाला काय हवंय ते सांगा, मी बाहेर आणून देतो.’ तरीही आवाज चढला तर तिसरं: ‘मी आमच्या मॅनेजरांना बोलावतो.’ आणि तिथे कर्मचाऱ्याने थांबायचं. विषाणू खरा की खोटा, मास्कचा उपयोग होतो की नाही, सरकार बरोबर की चूक, यांतल्या एकाही वादात त्याने पडायचं नाही. तो वाद जिंकण्यासाठी त्याला पगार मिळत नाही आणि तो वाद दारात कुणी जिंकतही नाही.

ग्राहकाला हात लावायचा नाही, वाट अडवून उभं राहायचं नाही, मागे जायचं नाही. सीडीसीने २०२० मध्ये दुकानांसाठी दिलेल्या सल्ल्यातही हेच होतं: धमकी देणाऱ्याशी वाद घालू नका, शक्य असेल तर दोघांनी मिळून काम करा आणि कर्मचाऱ्यांना आत जाऊन बसता येईल अशी सुरक्षित जागा ठरवून ठेवा. हा सल्ला उगाच नव्हता. अमेरिकेत मिशिगनमधल्या फ्लिंट शहरात मे २०२० मध्ये एका दुकानाच्या सुरक्षारक्षकाला, आणि जर्मनीत इडार-ओबरश्टाइन इथे सप्टेंबर २०२१ मध्ये पेट्रोल पंपावर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला, मास्कवरून झालेल्या वादानंतर गोळी घालून मारण्यात आलं. एक ग्राहक मास्कशिवाय आत जाऊन आला तर थोडी जोखीम वाढते. ती टाळण्यासाठी कुणाचा जीव पणाला लावू नये. म्हणून मालकाने आधीच आणि सगळ्यांसमोर सांगून ठेवावं: ‘धोका वाटला तर सोडून द्या, मी तुम्हाला बोल लावणार नाही.’ हे न सांगितल्यास नवा कर्मचारी नोकरीच्या भीतीने अडून राहतो. पोलिसांना कधी फोन करायचा, तो कुणी करायचा आणि झालेल्या प्रकाराची नोंद कुठे लिहायची, हेही त्याच वेळी ठरवा. दाराची पाळी एकाच माणसावर दिवसभर ठेवू नका. तासातासाने माणूस बदलला तर त्याचा आवाज शांत राहतो.

सूट असलेल्यांचा विचार वेगळा करा. काहींना श्वासाच्या आजारामुळे, काहींना मानसिक कारणाने, काहींना अपंगत्वामुळे मास्क लावता येत नाही. त्यांच्याकडे भर दारात कागद मागणं त्यांना अपमानाचं वाटतं आणि अनेक ठिकाणी त्यांनी तो दाखवावा असा नियमही नव्हता. आदेशात कागदाची अट नसेल तर शब्दावर विश्वास ठेवा. क्वचित कुणी त्याचा गैरफायदा घेईल, घेऊ द्या. ओठ वाचून बोलणं समजून घेणाऱ्या, ऐकू कमी येणाऱ्या ग्राहकांसाठी गल्ल्यावर कागद-पेन ठेवा. पारदर्शक खिडकी असलेले मास्क मिळाले तर गल्ल्यावरच्या एकाला तरी द्या. आणि सगळ्यांनीच सावकाश, मोठ्याने बोलावं. काच आणि मास्क दोन्ही मध्ये असले की अर्धे शब्द हरवतात आणि काही भांडणं नुसत्या ऐकू न येण्याने सुरू होतात.

साठा आधी करा, पण योग्य गोष्टीचा. नियम नुसता ‘मास्क हवा’ एवढ्यावर थांबत नाही, कोणता मास्क हेही बदलतं. जर्मनीतल्या बव्हेरिया राज्यात १८ जानेवारी २०२१ पासून दुकानांत कापडी किंवा साधा सर्जिकल मास्क चालेना, एफएफपी२ (एन ९५ सारखा, बारीक कण अडवणारा युरोपीय प्रकारचा मास्क) लागू लागला. असा आदेश आला की बाजारातला माल काही दिवसांत संपतो. दारात देण्यासाठी सुट्या वेष्टनातले सर्जिकल मास्क पुरतात. कर्मचाऱ्यांसाठी मात्र एन ९५ किंवा एफएफपी२ ठेवा, कारण ते दिवसभर त्याच हवेत असतात. एन ९५ ची गाळण्याची परीक्षा ०.३ मायक्रॉनच्या कणांवर होते आणि त्याने त्यांतले किमान ९५ टक्के कण अडवावे लागतात. पण तो चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो नीट बसत नाही, कडेने हवा आत येते. झडप असलेला मास्क घालणाऱ्याला वाचवतो, पण झडपेतून बाहेर पडणारी हवा गाळली जात नाही, म्हणून दुकानात तो नको. नुसती प्लास्टिकची फेस शील्ड मास्कच्या जागी चालत नाही.

सक्ती असो वा नसो, हवेचं काम चालू ठेवा. विषाणू सूक्ष्म थेंबांतून बंद खोलीत तरंगत राहतो, हे कळायला जगाला वेळ लागला. तोवर दुकानांचा बराच पैसा जंतुनाशक फवारण्यांत गेला. दोन समोरासमोरच्या खिडक्या उघड्या ठेवणं, पंख्याचं तोंड बाहेर करणं, गर्दीच्या वेळी आतल्या माणसांची संख्या मर्यादित ठेवणं ही कामं ग्राहकाशी एकही शब्द न बोलता होतात. कार्बन डायऑक्साइड मोजणारं छोटं यंत्र मिळतं. बाहेरच्या हवेत हा आकडा साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) असतो. आत तो सतत ८०० च्या वर राहत असेल तर हवा पुरेशी खेळत नाही असं समजावं.

ग्राहकांची तयारी छोटी आहे, पण ती केली तर वरची निम्मी कामं हलकी होतात. सक्ती नसली तरी एक मास्क घडी करून पाकिटात किंवा पिशवीत ठेवा आणि एक जास्तीचा सोबतच्या माणसासाठी. नव्या ठिकाणी जाताना पाटी वाचा, फोन करून विचारलं तरी चालेल. बोलताना मास्क खाली ओढायची सवय सोडा. बोलताना नुसत्या श्वासापेक्षा जास्त थेंब बाहेर पडतात आणि समोर गल्ल्यावरचा माणूस असतो. ओळख पटवण्यासाठी मास्क काढायला सांगितलं तर एक पाऊल मागे होऊन क्षणभर काढा. नियम पटत नसेल तर तक्रार मालकाकडे किंवा आदेश काढणाऱ्या कार्यालयाकडे लेखी करा, गल्ल्यावरच्या मुलीकडे नको. तिला तो बदलता येत नाही. दुसऱ्या ग्राहकाने मास्क लावला नसेल तर स्वतः टोकू नका, कर्मचाऱ्याला सांगा किंवा दूर जा.

ज्या दिवशी सक्ती उठते, त्या दिवसाची तयारी सगळेच विसरतात. सक्ती लागते तेव्हा निदान सगळ्यांना एकच गोष्ट करायची असते, उठते तेव्हा प्रत्येक जण वेगळं करतो. दुकानाने त्या सकाळी कर्मचाऱ्यांना सांगावं की ज्याला मास्क लावायचा त्याने लावावा, आणि त्याबद्दल ग्राहक काही बोलला तर ‘ही माझी निवड आहे’ एवढं म्हणून काम पुढे चालू ठेवावं. कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला संपली. त्याआधी जानेवारीत जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं होतं की नुकताच बाधिताच्या संपर्कात आलेल्याने, बाधित असलेल्याने किंवा तशी शंका असलेल्याने, गंभीर आजाराचा धोका असलेल्याने आणि कोंदट गर्दीच्या जागी असलेल्या कुणीही, स्थानिक परिस्थिती काहीही असली तरी, मास्क लावावा. म्हणजे सक्ती उठल्यावरही समोरच्याच्या तोंडावर मास्क का आहे याची अनेक कारणं असू शकतात: त्याचे उपचार चालू असतील, घरी कुणी आजारी असेल किंवा त्याला स्वतःला सर्दी असेल आणि तो इतरांना जपत असेल. ‘अजून मास्क लावता?’ असं विचारू नका. ज्यांना धोका जास्त आहे अशांसाठी दिवसातला एक कमी गर्दीचा तास राखून ठेवता आला तर ठेवा आणि तो तास पाटीवर लिहा.

उरलेले मास्क फेकू नका. वेष्टनावरची मुदत पाहून कोरड्या जागी ठेवा आणि तिन्ही पानं त्याच खोक्यात ठेवा. दर सहा महिन्यांनी खोकं उघडून पाहायचं काम कुणाचं, त्याचं नाव वर लिहा.