आडनाव विचारायच्या आधी: फॅमिली काउन्सेलरसाठी थोडं जातीबद्दल

मराठवाड्यात तुम्ही फॅमिली काउन्सेलिंग करत असाल, समुपदेशन केंद्रात, फॅमिली कोर्टात नाहीतर स्वतःच्या क्लिनिकमध्ये, तर हे तुमच्यासाठी. म्हणजे खरंतर माझ्यासारख्यांसाठी, ज्यांना ट्रेनिंगमध्ये फॅमिली थेरपीवाले बोवेन शिकवला, मिनुचिन शिकवला, पण जात काय शिकवली नाही, कारण ती सगळ्यांना माहीतच असती ना.

अमेरिकेत फॅमिली थेरपिस्ट लोक वंशभेदाबद्दल आधी स्वतःला तपासायचं ट्रेनिंग बऱ्याच वर्षांपासून करायलेत. 2021 च्या ऑक्टोबरात तर अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं वंशभेदात आपलाही हात होता म्हणून जाहीर माफी मागितली. त्यांची पद्धत घ्यायची, पण जशीच्या तशी नाही, कारण तिथं वंश बऱ्याचदा तोंडाकडं बघून कळतो, आपल्याकडं जात काढून घ्यावी लागती. आडनाव काय, गाव कोणतं, गावात घर कुठशी, तीन प्रश्नांत माणसाचा निकाल. आणि हे तिन्ही प्रश्न आपल्या इन्टेक फॉर्मवर, म्हणजे पहिल्या भेटीला भरून घेतो त्या फॉर्मवर, छापलेले असतात बघा.

तर पहिलं काम, स्वतःचा जेनोग्राम, म्हणजे घराण्याचा पिढ्यानपिढ्यांचा नकाशा. केनेथ हार्डी आणि ट्रेसी लॅस्झलॉफी यांनी 1995 मध्ये कल्चरल जेनोग्राम मांडला, त्यात थेरपिस्टनं क्लायंटचा नाही, आधी स्वतःचा काढायचा आणि घराण्यात अभिमान कशाचा, लाज कशाची हे शोधायचं. आपण त्यात आपल्या मातीतले प्रश्न घालायचे. कार्डशीट घ्या, तीन पिढ्या काढा आणि प्रत्येक पिढीपाशी लिहा की जमीन किती, पाणी कोणत्या विहिरीचं, घरी कामाला कोण यायचं आणि ते कुठपर्यंत यायचं, ओट्यापर्यंत का चुलीपर्यंत, शाळेत पहिल्यांदा कोण गेलं. एक तारीख टाकाच, 27 जुलै 1978, त्या दिवशी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, नामांतराचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, आणि नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडावं लागलं. त्या साडेपंधरा वर्षांत तुमच्या घरात काय चाललं होतं ते विचारा. माझे वडील म्हणाले, आम्ही काही केलं नाही. ते मी कार्डशीटवर तसंच लिहिलं, ते दोन्ही अर्थानं खरं आहे.

आजीला विचारलं तर ती म्हणली, "नाही माय, आपल्याकडं तसलं काही नव्हतं." मग शेंगा फोडत बसली आणि बऱ्याच वेळानं म्हणली, "सालगड्याचा कप तेवढा गोठ्यात असायचा, देवळीत." आणि मला तो कप आठवला, कान तुटलेला, निळ्या फुलाचा. त्यात चहा मीच ओतायचे, वरून, किटली कपाला लागू न देता, आणि हे मला कुणी शिकवलं तेच आठवत नाही. एवढी वर्षं मी लोकांच्या घरातली गुपितं काढत बसले आणि हा कप कधीच निघाला नव्हता. हे काम एका रविवारी होत नाही, दोन-तीन महिने जाऊ द्या, घरच्यांशी वाद होतील, होऊ द्या.

आता खोलीतलं. माझीच एक चूक सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. आंतरजातीय लग्न, मुलगी बौद्ध, मुलगा आमच्याच जातीतला, सासू-सुनेचं पटत नाही म्हणून आले. सासू म्हणायची, "तिच्या हातची भाजी आम्हाला जमत नाही, मसाला वेगळाय." मी फाईलवर सासू-सून ॲडजस्टमेंट लिहिलं आणि त्या पोरीला सांगितलं की थोडा मसाला बदलून बघा, सासूबाईंकडून शिकून घ्या. ती काही बोलली नाही, नुसती माझ्या आडनावाच्या पाटीकडं बघितली, परत आलीच नाही. नंतर फोनवर म्हणली, "मॅडम, मसाला त्यांचाच होता, डब्यातला. मी नुसती ढवळायचे." मसाल्याचा विषयच नव्हता, हाताचा होता, आणि तो मला ऐकू आला नाही कारण माझ्या घरात तो तसाच बोलला जातो.

तेव्हापासून मी असं विचारते: स्वयंपाक कोण करतं, वाढतं कोण, देवघरात कोण जातं, सणाला पाहुणे आले की सून कुठं असते, तिच्या माहेरचे आले तर कोणत्या खोलीत बसतात. "तुमच्यात जातीवरून काही आहे का" असं थेट विचारलं की शंभरातले शंभर नाही म्हणतात, पण ताट, हंडा, देवघर विचारलं की आपोआप निघतं. आणि सुनेला एकटीला भेटून एक वाक्य स्वतःहून सांगायचं, "मी तुमच्या सासरच्याच जातीतली आहे, त्यामुळं माझ्याकडून काही सुटू शकतं, तुम्हाला तसं वाटलं तर सांगा, नाही सांगितलं तरी चालेल." शेवटचं अर्धं वाक्य गाळू नका, नाहीतर आपल्याला शिकवायचं काम तिच्याच डोक्यावर येतं.

आडनावावरून तुक्के मारू नका हो. पवार, जाधव, चव्हाण मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, बौद्धांतही आहेत. समोरचा स्वतःला जे म्हणतो तेच म्हणायचं, बौद्ध म्हणला तर बौद्ध, "म्हणजे आधीचे कोण" हा प्रश्न तोंडातच गिळायचा. जात उपचारासाठी लागत असेल तर कशासाठी विचारतोय ते सांगून विचारा, नसेल लागत तर फॉर्मवरून तो रकाना काढून टाका. आणि मेंटल हेल्थकेअर ॲक्ट 2017 चं कलम 18 वाचून ठेवा, मानसिक उपचार मिळताना जात, धर्म, लिंग अशा कारणांवरून भेदभाव होता कामा नये असं त्यात सरळ लिहिलंय.

सगळ्यात महत्त्वाचं, जॉइंट सेशनचा मोह. आपल्याला शिकवलंय की सगळ्यांना एका खोलीत बसवा, पण पोरगा-पोरगी वेगळ्या जातीचे आहेत आणि घरचे पाळतीवर आहेत, तिथं "या, बसून बोलू" म्हणणं म्हणजे त्यांचा पत्ता देणं आहे. आधी वेगवेगळं भेटा, जीवाला धोका आहे का ते स्पष्ट शब्दांत विचारा, मारहाण, मोबाईल काढून घेणं, मामाच्या गावी नेऊन ठेवणं, सगळं विचारा. 2018 च्या शक्ती वाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टानं अशा जोडप्यांसाठी जिल्ह्या-जिल्ह्यात स्पेशल सेल काढायला आणि सेफ हाऊसचा विचार करायला सांगितलंय, तर आपल्या जिल्ह्यात ते कुणाकडं आहे, फोन कोण उचलतं, हे केस यायच्या आधी शोधून ठेवा. आणि ॲट्रॉसिटीची केस चालू असेल तर "मिटवून घ्या" हे आपल्या तोंडून निघता कामा नये. ते आपलं कामच नाही.

ऊसतोडीच्या घरांबद्दल एवढंच, एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, उचल घेतलेली असते, दिवाळीच्या आसपास गेलेले लोक उन्हाळा लागल्यावर परततात. तिसऱ्या सेशनला आले नाहीत म्हणून "रेझिस्टन्स", म्हणजे बदलायचीच तयारी नाही, असं लिहू नका, मुकादमाला विचारून येता येत नाही कुणाला.

क्लायंटच जातीवरून घाण बोलला तर? लेक्चर देऊ नका, हसूही नका, आपल्यातले बरेचजण अवघडून हसतात. "हे तुम्ही सुनेसमोर बोललात, तिच्याकडं बघा जरा," एवढं म्हणून थांबा. काउन्सेलर लोकांच्या ग्रुपमध्ये महिन्यातून एकदा स्वतःची चुकलेली केस मांडा, आणि ग्रुपमध्ये एकच दलित काउन्सेलर असेल तर दर वेळी "तुला काय वाटतं" म्हणून त्याच्याकडं बघू नका, त्यालाही त्याची केस असते. चूक कळली की माफी एका वाक्यात, आपण रडायला लागलो की क्लायंटच आपल्याला पाणी आणून देतो.

पाण्यावरून आठवलं, रिसेप्शनला बसा एक दिवस, कोपऱ्यात. कोणी "जय भीम" म्हणत आत आलं तर तुमची माणसं काय म्हणतात ते ऐका. मी कितीतरी वर्षं "हो हो, या, बसा" म्हणायचे, आता जय भीमला जय भीम म्हणते, पहिले काही दिवस जीभ अडायची. आणि पाणी कोणाला स्टीलच्या ग्लासात देतात आणि कोणाला कागदाच्या, ते मोजा. आमच्याकडची पोरगी म्हणली, "मॅडम, तसं काही नाही, ज्यांना घाई असते त्यांना कागदाचा देते." दिवसभर बसले तेव्हा घाई कुणाला असते ते दिसलं. दुसऱ्या दिवशी कागदाचे ग्लास आणणं बंद केलं.